बाकीच्यांचं तर चालतंय

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला बोलावणं आलं. त्या काळात मी पेढ्यांवर आणि दुकानांत जाऊन हिशेबाचे, बिलांचे प्रोग्रॅम बसवत असे आणि अडले की दुरुस्त करत असे. या पेढीवर चार संगणक होते, माळ्यावर हळदीच्या नमुन्यांच्या पुड्यांशेजारी एक सर्व्हर होता, आणि तक्रार होती एकाच मशीनची. हिशेब सांभाळणाऱ्या ताईंचा बिलाचा प्रोग्रॅम मधेच अडकायचा. सकाळी व्यवस्थित, अकरानंतर कधीतरी अडकणार, दुपारी जेवणं झाली की कोणी काही न करता पुन्हा सुरू.

"बाकीच्या तिघांचं तर चालतंय," शेठ म्हणाले. "मग सर्व्हरला काय झालंय? ताईच काहीतरी उलटसुलट दाबत असणार."

ताई काही बोलल्या नाहीत. मार्चअखेर होता, बाहेर ट्रक उभा होता आणि बिल निघत नव्हतं.

शेठचं ते पहिलं वाक्य मी या धंद्यात हजारदा ऐकलं आहे. बिघाड शोधणाऱ्याला त्याहून चांगला धागा मिळत नाही, कारण तीन ठिकाणी जे चालतं आणि एका ठिकाणी चालत नाही, त्यांच्यात फरक काय एवढंच मग शोधायचं उरतं. पण तेच वाक्य निकाल म्हणून उच्चारलं, तर त्याच्याइतकं घातक दुसरं काही नाही. ते किती घातक ठरू शकतं याचं एक उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं आहे, आणि त्याची किंमत माणसांनी तुरुंगात जाऊन मोजली. तिथे आपण येऊच. आधी ताईंचं बिल.

आपल्या टेबलावर दिसतो तो बिलाचा प्रोग्रॅम म्हणजे नुसती खिडकी असते. वही आत, सर्व्हरवर. ताईंनी ग्राहकाचं नाव टाकलं की खिडकी आत विचारते, 'याची बाकी किती?' आतून उत्तर येतं. दर विचारला, उत्तर. शिल्लक पोती विचारली, उत्तर. या प्रत्येक प्रश्नाला ताईंच्या मशीनमधून निघून भिंतीकडेच्या केबलमधून स्विचमध्ये, तिथून माळ्यावरच्या सर्व्हरमध्ये, सर्व्हरच्या फायरवॉलमधून डेटाबेसपर्यंत जायचं असतं आणि त्याच वाटेने परत यायचं असतं. वाटेत कुठेही अडखळलं तरी पडद्यावर दिसतं एकच: फिरणारं चक्र. म्हणून पडद्यावरच्या चक्राकडे बघत बसून काही कळत नाही. वाट मधोमध कापायची आणि विचारायचं, बिघाड अलीकडे की पलीकडे? मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग.

वाट मधोमध कापायचं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रिय हत्यार म्हणजे पिंग. माइक म्यूस हे अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, मेरीलँडमधल्या अॅबर्डीन इथे काम करत. डिसेंबर 1983 मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं, तेव्हा त्यांनी हा छोटासा प्रोग्रॅम लिहून काढला. पाणबुडीतून ध्वनीची लहर सोडायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचं, ही सोनारची कल्पना त्यांनी केबलवर आणली, आणि सोनारच्या आवाजावरूनच नाव दिलं. 'आहेस का?' असं विचारायचं. समोरचा 'आहे' म्हणतो. मधे किती मिलिसेकंद गेले ते दिसतं. म्यूस 2000 साली मोटार अपघातात गेले, पण जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात त्यांचं हत्यार आहे. एका नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने त्यांना सांगितलेली हकिकत त्यांनी आपल्या आठवणींत दिली आहे आणि मला ती फार आवडते. त्या माणसाच्या इमारतीत केबलचा कुठलासा जोड सैल होता. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर आलं की संगणकाने मोठ्याने 'पिंग' म्हणावं अशी सोय केली, आवाज पूर्ण वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवून पाहू लागला. जिथे हात लावल्यावर आवाज थांबला, तिथे बिघाड.

सांगलीत मी ताईंच्या मशीनवरून सर्व्हरला पिंग केलं. चारही उत्तरं आली, लगेच. म्हणजे केबल ठीक, स्विच ठीक, माळ्यावरचं मशीन जागं. पुष्कळ तंत्रज्ञ इथे थांबतात आणि 'नेटवर्क ओके' असं लिहून प्रोग्रॅमकडे बोट दाखवतात. मीही तरुणपणी तसं केलं आहे, आणि ती चूक आहे. पिंगला उत्तर आलं म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढंच कळतं. आपल्याला हवा तोच आहे का, आणि त्याचं हवं ते दार उघडं आहे का, हे पिंग सांगत नाही.

दार म्हणजे पोर्ट. एकाच सर्व्हरवर अनेक कामं चालतात, म्हणून प्रत्येक कामाला दाराचा क्रमांक असतो. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर बहुधा 1433 वर ऐकतो, मायएसक्यूएल 3306 वर, पोस्टग्रेस 5432 वर, ओरॅकल 1521 वर. ही दारं आज डीफॉल्टने बंद दिसतात त्यामागे इतिहास आहे. 25 जानेवारी 2003 ला स्लॅमर नावाचा किडा एसक्यूएल सर्व्हरच्या 1434 या शेजारच्या दारातून शिरला. आकार अवघा 376 बाइट. सुरुवातीला तो दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता आणि दहा मिनिटांत जगातली बहुतेक असुरक्षित मशीनं त्याने गाठली होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली, आणि तोवर बिनबोभाट चालणारे ऑफिसांतले कितीतरी प्रोग्रॅम एका सकाळी बंद पडले. नवीन मशीन आणलं किंवा विंडोज बदललं आणि लगेच बिल अडलं, तर आजही पहिला संशय तिथेच घ्यावा.

दार ठोठावल्यावर मिळणाऱ्या उत्तरातला फरक मात्र नीट ऐकायला हवा. काही वेळा नुसती शांतता असते. बराच वेळ वाट पाहून प्रोग्रॅम हात टेकतो. तेव्हा वाटेत फायरवॉलने निरोप गिळलेला असतो, किंवा पलीकडे कोणी नसतंच. आणि काही वेळा क्षणात नकार येतो. नकार म्हणजे पलीकडे जिवंत मशीन आहे, त्याने निरोप वाचला आणि सांगितलं की इथे असं दार नाही. तंत्रज्ञाला नकार शांततेपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

ताईंच्या मशीनला नकार येत होता. आणि त्याच क्षणी शेजारच्या तीन मशीनवर, त्याच सर्व्हरच्या त्याच दारातून बिलं निघत होती. मी ते दोन-तीनदा करून पाहिलं. एकच घर, एकच दार. तिघांना आत घेतं आणि चौथीला म्हणतं, असं दारच नाही. हे शक्य नाही. म्हणजे ताईंशी बोलणारा सर्व्हर नव्हताच. त्याच्या नावाने दुसरं कोणीतरी उत्तर देत होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला दोन पत्ते असतात. एक दिलेला, 192.168 ने सुरू होणारा, बदलता येणारा. दुसरा कारखान्यातूनच कार्डावर आलेला. एखाद्या मशीनला 192.168.1.105 शी बोलायचं असेल तर ते आधी सगळ्यांना ओरडून विचारतं, '105 कोण?' जो 'मी' म्हणतो, त्याचा कारखान्याचा पत्ता ते थोडा वेळ लक्षात ठेवतं आणि त्यालाच निरोप पाठवत राहतं. या व्यवहारात ओळखपत्र कोणी मागत नाही. दोघांनी 'मी' म्हटलं तर ज्याचं उत्तर लक्षात राहिलं तो खरा. मी ताईंच्या मशीनवर आणि शेजारच्या मशीनवर ती आठवण उघडून पाहिली. 105 च्या पुढे दोन वेगळे पत्ते होते.

मग उलगडायला पाच मिनिटं लागली. सर्व्हरचा 105 हा पत्ता कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी हाताने भरला होता. दोन महिन्यांपूर्वी पेढीवर नवीन वायफाय राउटर आला. तो येणाऱ्या प्रत्येक फोनला 100 पासून 199 पर्यंतचा एखादा पत्ता स्वतःहून वाटत होता, आणि 105 आधीच वापरात आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेठच्या पुतण्याच्या फोनला तो मिळाला. पुतण्या सौदा आटोपून अकराच्या सुमारास पेढीवर यायचा आणि दीडला जेवायला घरी जायचा. बाकी तीन मशीनं सर्व्हरशी सतत बोलत असल्याने त्यांच्या आठवणीत खरा पत्ता टिकून राहायचा. ताईंचं काम मात्र ट्रक लागला की. मधे अर्धा अर्धा तास मशीन रिकामं. पुन्हा विचारायची वेळ त्याच्यावर यायची, आणि कधी सर्व्हर 'मी' म्हणायचा, कधी फोन. पत्त्यांची टक्कर होते आहे अशी सूचना सर्व्हर बिचारा रोज पडद्यावर दाखवत होता. पण माळ्यावरच्या त्या सर्व्हरला पडदाच जोडलेला नव्हता.

हे सगळं कळलं कशामुळे, तर ताईंमुळे. 'केव्हा अडकतं?' असं मी विचारल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरात तारखा आणि वेळा: 11.10, 11.40, 12.25. अठरा दिवसांच्या. दीडनंतर एकही नाही, रविवारी एकही नाही. कोणी मागितलं नव्हतं म्हणून त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं. मी त्या वेळा पाहिल्या नसत्या तर मीही आधी मशीन बंद-चालू केलं असतं, ते चाललं असतं, आणि पैसे घेऊन गेलो असतो. बंद करून चालू करणं हा उपाय वाईट नाही, पण त्याने पुरावा पुसला जातो. आधी बघून, लिहून घ्यावं. मग बटणाला हात लावावा.

नुसत्या मंदपणाच्या तक्रारीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्यावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो. मुंबईच्या मुख्य कार्यालयात झटपट चालणारा प्रोग्रॅम नागपूरच्या शाखेत रांगतो. मालक इंटरनेटचा वेग दुप्पट करून घेतात, बिल वाढतं, प्रोग्रॅम तसाच रांगतो. कारण अडचण पाइपाच्या रुंदीची नसून फेऱ्यांची आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-नागपूर सरळ रेषेत धरलं तरी 700 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान 7 मिलिसेकंद; तंतूची वाट सरळ नसते, वाटेत यंत्रं असतात, म्हणून 25 धरू. आता साठ ओळींचं एक बिल घ्या. प्रत्येक ओळीसाठी प्रोग्रॅम दर, शिल्लक, कर, सवलत, गोदाम असे पाच प्रश्न वेगवेगळे विचारतो आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारत नाही. तीनशे फेऱ्या, प्रत्येकी 25 मिलिसेकंद: साडेसात सेकंद. कार्यालयाच्या आत फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, तिथे तेच काम सेकंदाच्या सातव्या भागात होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःच्या टेबलावर तपासलं, त्याला काही जाणवलंच नाही. उपाय म्हणजे साठही ओळींचे प्रश्न एका निरोपात विचारणं, नाहीतर प्रोग्रॅम मुंबईतच चालवून नागपूरला फक्त पडदा दाखवणं. प्रकाशाचा वेग विकत मिळत नाही.

आता सर्वांत अवघड जागा. ताईंनी 'सेव्ह' दाबलं, निरोप निघाला, आणि संपर्क तुटला. बिल नोंदलं गेलं का? निरोप जाताना तुटलं असेल तर नाही. निरोप पोचून, नोंद होऊन, पोच येताना तुटलं असेल तर हो. ताईंच्या बाजूने दोन्ही अगदी सारखं दिसतं. म्हणून माणूस पुन्हा दाबतो, आणि चांगल्या प्रोग्रॅमने ही पुन्हा दाबण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. प्रत्येक नोंदीला खिडकीतच एक वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हरने 'ही नोंद झाली आहे' एवढंच म्हणायचं. ही काळजी ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या वहीत एकाच रकमेच्या दोन नोंदी होतात. ऑक्टोबर 2015 मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या पोस्टात हेच झालं. 8,000 पौंडांची रोकड दुसऱ्या शाखेकडे नेल्याची नोंद करताना पडदा जागचा हलेना, म्हणून पोस्टमास्तरबाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबलं. प्रत्येक वेळी नवीन 8,000 नोंदले गेले. हिशेबात 24,000 पौंडांची तूट उभी राहिली, जी कधी नव्हतीच.

त्या पोस्टातल्या प्रणालीचं नाव होरायझन, आणि सुरुवातीला म्हटलं ते ब्रिटनमधलं उदाहरण तिचंच. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने 1999 पासून ती हजारो शाखांत बसवली. ती फुजित्सूच्या मालकीच्या आयसीएल या कंपनीने बनवली. तिथले बहुतेक शाखा-पोस्टमास्तर आपल्याकडच्यासारखे सरकारी नोकर नसतात. किराणा, वर्तमानपत्रं विकणारे दुकानदार करार करून पोस्टाची खिडकी चालवतात, आणि तूट आली तर ती त्यांनी भरायची अशी समजूत रूढ होती. सुरुवातीच्या रचनेत नोंदी शाखेतल्या मशीनवर व्हायच्या, शाखेतल्या इतर खिडक्यांवर आणि दूरच्या केंद्रावर त्यांच्या प्रती जायच्या. एका खिडकीची नोंद दुसरीला दिसली नाही तर तीच रोकड दोनदा जमा होऊ शकायची. फॉलकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेत हे घडलं, आणि या दोषाला त्या शाखेचंच नाव पडलं.

हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन यांना एकदा सुमारे 2,000 पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केला, सांगितलं तसं केलं, आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला 91 वेळा फोन केला. हॅमिल्टन यांच्यासारख्या कितीतरी जणांना एकच उत्तर मिळालं: असा त्रास तुम्ही सोडून कोणालाच नाही. बाकीच्यांचं तर चालतंय. कॅसलटन यांच्यावर सुमारे 26,000 पौंडांसाठी दावा झाला, ते हरले, खर्चापोटी 3 लाख 21 हजार पौंड भरण्याचा आदेश झाला आणि त्यांचं दिवाळं निघालं. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना 2010 मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. 1999 ते 2015 या सोळा वर्षांत 900 हून अधिक जण दोषी ठरले, त्यांतले बहुसंख्य पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवलेल्या खटल्यांत.

मला यात सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट अशी, की बिघाड शोधणाऱ्यांना बिघाड माहीत होते. फुजित्सूच्या तंत्रज्ञांकडे 'माहीत असलेल्या चुकांची नोंद' होती: अमुक शाखेत, अमुक वेळी, अमुक दाबल्यावर असं होतं. ब्रॅकनेलमधले अभियंते दूर बसून शाखेच्या हिशेबात नोंद घालू शकत होते, आणि हे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. अॅलन बेट्स हे माजी शाखा-पोस्टमास्तर आणि इतर 554 जणांनी पोस्ट ऑफिसवर दावा केला, तेव्हा त्या तांत्रिक नोंदी कोर्टासमोर आल्या. डिसेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी त्या एकेक तपासून निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांनी हिशेबात खोट्या तुटी निर्माण केल्या होत्या. 23 एप्रिल 2021 ला अपील कोर्टाने 39 जणांची शिक्षा रद्द केली. हॅमिल्टन आणि मिश्रा त्यांत होत्या. मे 2024 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसल्या.

ब्रिटिश कायद्यातली एक अट 1999 च्या एका कायद्याने काढून टाकली गेली होती, हेही सांगायला हवं. संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवा, अशी ती अट होती. ती गेल्यावर संगणक नीटच चालतो असं गृहीत धरलं जाऊ लागलं. आपल्याकडे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब मध्ये ही अट होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्येही ती आहे. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, बंद न करता येणारी नोंद राहणं बंधनकारक आहे. पुष्कळ छोटे व्यापारी या नियमाबाहेर आहेत. तरी दूरवरून तुमच्या मशीनवर येऊन 'एक एंट्री दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला, त्याने काय बदललं ते लिहून मागायला कायदा लागत नाही.

सांगलीत मी सर्व्हरचा पत्ता 105 वरून 10 केला, राउटर कधीच वाटणार नाही असा. चारही मशीनवर तो नवा पत्ता भरला आणि मार्करने सर्व्हरच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिला. माळ्यावर एक जुना मॉनिटर नेऊन जोडला. पुतण्या अजून पेढीवरच होता. त्याचा फोन वायफायवर असतानाच ताईंनी बिल काढलं. ट्रकवाला कागद घेऊन गेला. शेठनी ताईंकडे पाहिलं आणि ते कॅलेंडर मागून घेतलं, त्याच्या मागची एकेक वेळ बोट ठेवून वाचली, आणि विचारलं, "हे तुम्ही मला का नाही दाखवलंत?"

"दाखवणार होते," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात ना, बाकीच्यांचं चालतंय."